खिशात मावणारे स्वस्त पिस्तूल कसे निवडावे : अमेरिकेतील मराठी वाचकांसाठी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसांपैकी कोणी रात्री उशिरा दुकान बंद करून एकटे घरी परततो, कोणी आडवाटेच्या गावात रात्रपाळीला जातो, आणि स्वसंरक्षणासाठी शस्त्र घ्यावे की नाही याचा विचार करू लागला की त्याची नजर सर्वांत आधी लहान पिस्तुलावर जाते. पँटच्या पुढच्या खिशात मावणारे, पाव किलोच्या आसपास वजनाचे आणि 200 ते 400 डॉलरमध्ये मिळणारे हे पिस्तूल नवख्याला सोयीचे वाटते. वस्तुस्थिती मात्र याच्या उलट आहे. पिस्तूल जितके लहान आणि हलके, तितके ते अचूक चालवायला अवघड असते, त्याचा धक्का हाताला अधिक बसतो आणि हाताळणीतील लहानशी चूकही त्यात महागात पडते. म्हणून या लेखातील सारा सल्ला एका गोष्टीभोवती फिरतो : आपण ज्याच्यावर नियमित सराव करू शकू आणि जे खिशात पूर्ण सुरक्षित राहील, तेच पिस्तूल आपल्याला परवडणारे आहे. सराव करण्याची तयारी नसेल, तर माझ्या मते कोणतेच पिस्तूल घेऊ नये. चांगला टॉर्च, भक्कम कुलपे आणि मिरचीचा फवारा यांवर तोच पैसा खर्च करावा.

आधी पात्रता, मग पिस्तूल

मराठी कुटुंबांच्या बाबतीत हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण येथे अजाणता झालेली चूक थेट संघीय गुन्हा ठरते. अमेरिकेचे नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांना, इतर कोणतीही अपात्रता नसल्यास, पिस्तूल विकत घेता येते. परंतु एच-1बी, एच-4, एफ-1, एल-1 अशा तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तींना संघीय कायद्याने शस्त्र आणि काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. या मनाईला मोजके अपवाद आहेत आणि त्यांपैकी वैध शिकार परवान्याचा अपवाद पुष्कळांच्या ऐकिवात असतो. मात्र केवळ ऐकीव माहितीवर तो आपल्याला लागू होतो असे मानणे धोक्याचे आहे. ज्याचे पुढचे सगळे आयुष्य ग्रीन कार्डाच्या अर्जावर अवलंबून आहे, त्याने वकिलाचा लेखी सल्ला घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

अनेक घरांत पती आणि पत्नी यांची कायदेशीर स्थिती वेगवेगळी असते. पत्नी नागरिक आहे आणि पती अजून एच-1बीवर आहे, अशा घरात पतीने पैसे द्यायचे, पिस्तूल त्यानेच वापरायचे, पण दुकानात फॉर्मवर सही पत्नीने करायची, हा प्रकार कायद्याच्या दृष्टीने दुसऱ्याच्या वतीने केलेली खोटी खरेदी ठरतो. 2022 मध्ये संमत झालेल्या संघीय कायद्याने या गुन्ह्याला 15 वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली आहे. पत्नीने ते स्वतःसाठीच घेतले असले, तरीही ज्या पेटीत पिस्तूल ठेवले आहे तिची किल्ली किंवा आकडे पतीकडे असतील, तर ते त्याच्याही ताब्यात आहे असे न्यायालय मानू शकते. अशा घरात कुलूप एकाच व्यक्तीच्या हाती राहिले पाहिजे.

परवानाधारक विक्रेत्याकडे गेल्यावर 4473 क्रमांकाचा संघीय फॉर्म भरावा लागतो आणि 1998 पासून कार्यरत असलेल्या एनआयसीएस या यंत्रणेमार्फत ग्राहकाची पार्श्वभूमी तपासली जाते. ग्रीन कार्डधारकाने त्यात आपला एलियन क्रमांक द्यायचा असतो. संघीय नियमानुसार विक्रेता 21 वर्षांखालील व्यक्तीला पिस्तूल विकत नाही. याच्या पुढचे सगळे राज्यागणिक बदलते. मराठी वस्ती दाट असलेल्या न्यू जर्सीत प्रत्येक पिस्तुलासाठी पोलिसांकडून स्वतंत्र खरेदी परवाना काढावा लागतो, आणि टोकाशी पोकळ असलेल्या गोळ्या घराबाहेर बाळगण्यावर तेथे कडक निर्बंध आहेत. इलिनॉयमध्ये आधी राज्याचे ओळखपत्र लागते. कॅलिफोर्नियात परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावे लागते, 10 दिवस थांबावे लागते, आणि नवे पिस्तूल राज्याने मान्य केलेल्या यादीतीलच असावे लागते. अलीकडची पुष्कळ लहान पिस्तुले त्या यादीत नसतात. म्हणून एखाद्या पिस्तुलावर मन बसवण्याआधी ते आपल्या राज्यात विकले जाते का, हे पाहून घ्यावे.

विकत घेण्याचा अधिकार आणि खिशात घेऊन फिरण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या ब्रुएन निकालानंतर न्यूयॉर्कसारख्या राज्यांतही सामान्य नागरिकाला वहन परवाना मिळू लागला आणि टेक्सासमध्ये 2021 पासून बहुतेक पात्र प्रौढांना परवान्याचीही गरज उरलेली नाही, तरी निषिद्ध जागा सर्वत्र आहेत. आपल्या लोकांनी त्यांपैकी एक विशेष लक्षात ठेवावी. महाराष्ट्र मंडळांचे गणेशोत्सव आणि दिवाळीचे कार्यक्रम बहुधा भाड्याने घेतलेल्या शाळेच्या सभागृहात होतात. रविवार असला आणि शाळा बंद असली, तरी ती जागा शाळेचीच असते, आणि बहुतेक राज्यांत तेथे खिशात पिस्तूल असणे हा गुन्हा आहे. काही राज्यांत तर वहन परवानाही तेथे उपयोगी पडत नाही.

स्वस्त म्हणजे काय

लहान आणि स्वस्त पिस्तुलांविषयी अमेरिकेत जो जुना संशय आहे, त्यामागे एक इतिहास आहे आणि जुने पिस्तूल घेणाऱ्याला तो ठाऊक असलेला बरा. 1968 च्या गन कंट्रोल ॲक्टने खेळासाठी योग्य नसलेल्या लहान पिस्तुलांची आयात थांबवली. वॉल्थर पीपीकेसारखे नावाजलेले पिस्तूलही आकाराच्या निकषात बसेना, म्हणून पीपीकेची नळी आणि थोड्या मोठ्या मॉडेलचा सांगाडा एकत्र करून पीपीके/एस तयार करावे लागले. आयात बंद झाल्याने जी जागा रिकामी झाली, ती लॉस एंजेलिसच्या परिसरातील काही कारखान्यांनी भरली. रेवन, जेनिंग्स, ब्रायको, डेव्हिस, लॉर्सिन ही त्यांची नावे. पोलादाऐवजी जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग वापरल्यामुळे त्यांची पिस्तुले अत्यंत स्वस्त पडत. असा धातू कमी तापमानाला वितळतो, आणि तेवढ्याच निकषावर काही राज्यांनी त्यांच्या विक्रीवर बंदी घातली.

ही पिस्तुले आजही जुन्या बाजारात 100 डॉलरच्या आसपास दिसतात. ती घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मिश्रधातूची स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) वापराने झिजते आणि तडकते, सुटे भाग मिळणे कठीण झाले आहे, मूळ कारखाने बंद पडले आहेत, आणि सर्वांत गंभीर बाब म्हणजे यांपैकी अनेक रचनांत पिस्तूल खाली पडल्यास फायरिंग पिनला, म्हणजे काडतुसावर आघात करणाऱ्या खिळीला, रोखणारी यंत्रणाच नाही. जे पिस्तूल खिशात, म्हणजे मांडीच्या धमनीशेजारी, दिवसभर राहणार आहे, त्याच्या बाबतीत 150 डॉलर वाचवण्यासाठी ही तडजोड करणे योग्य नाही.

आजचे चांगले स्वस्त पिस्तूल वेगळ्या वाटेने स्वस्त झाले आहे. त्याची मूठ आणि सांगाडा साच्यातून काढलेल्या पॉलिमरचा असतो, तर ताण घेणारे भाग, म्हणजे नळी आणि स्लाइड, पोलादाचेच असतात. फ्लोरिडातील केल-टेक या कंपनीने 1999 मध्ये .32 एसीपी काडतुसाचे (हा आकडा गोळीचा इंचांतील अंदाजे व्यास सांगतो) पी-32 आणले, ज्याचे रिकामे वजन सुमारे 190 ग्रॅम आहे, आणि 2003 मध्ये .380 एसीपीचे पी-3एटी. त्याच धर्तीवर रुगर कंपनीने 2008 मध्ये एलसीपी आणले आणि हा प्रकार घराघरांत पोहोचला.

पिस्तुलाच्या किमतीत इतर खर्च धरला, तरच खरे अंदाजपत्रक तयार होते. होल्स्टर (पिस्तुलाचे म्यान), एक-दोन जादा मॅगझिन (मुठीत बसणारा काडतुसांचा डबा), कुलूपबंद पेटी, कानांचे आणि डोळ्यांचे संरक्षण, प्रशिक्षणवर्ग, रेंजचे (नेमबाजीच्या सरावकेंद्राचे) शुल्क आणि काडतुसे हे सगळे मिळून पहिल्या वर्षात पिस्तुलाच्या किमतीएवढा किंवा तिच्याहून जास्त खर्च येतो. काडतुसांचा भाव तर निवडीवरच परिणाम करतो, कारण .380 आणि .32 ही लहान काडतुसे मोठ्या प्रमाणावर तयार होणाऱ्या 9 मिमीपेक्षा महाग पडतात. आपल्याजवळ 500 डॉलर असतील, तर 450 चे पिस्तूल आणि 50 च्या गोळ्या यापेक्षा 250 चे पिस्तूल आणि उरलेल्या पैशाचे शिक्षण व सराव ही विभागणी केव्हाही चांगली.

काडतुसाची निवड

खिशातल्या पिस्तुलांसाठी प्रामुख्याने चार काडतुसे विचारात घेतली जातात आणि त्यांतील तीन, म्हणजे .25, .32 आणि .380 एसीपी, ही जॉन ब्राउनिंग यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर घडवलेली आहेत. चौथे .22 एलआर. सर्वसामान्य निरोगी हाताच्या व्यक्तीसाठी मी .380 सुचवतो. 9 मिमीची अतिलहान पिस्तुले आता पुष्कळ मिळतात, पण तीनशे-चारशे ग्रॅमच्या पिस्तुलातून 9 मिमीचा धक्का सोसून दुसरी गोळी अचूक मारणे सरावाच्या माणसालाही जड जाते, आणि ज्यावर सराव करणे नकोसे वाटते ते पिस्तूल हळूहळू कपाटात पडून राहते.

.32 चा धक्का लक्षणीयरीत्या मवाळ असतो. ज्यांची पकड कमकुवत आहे, ज्यांना संधिवाताचा त्रास आहे किंवा ज्यांना .380 चे लहान पिस्तूल हातात उसळते असे वाटते, त्यांनी हे काडतूस कमी लेखू नये. फक्त त्यातील एक तांत्रिक अडचण समजून घ्यावी. .32 एसीपीच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड असते, आणि आखूड लांबीची पोकळ टोकाची काडतुसे मॅगझिनमध्ये पुढेमागे सरकली, तर एकाची कड दुसऱ्याच्या मागे अडकून पिस्तूल पूर्णपणे जाम होते. हा अडथळा स्लाइड मागेपुढे करून सुटत नाही. मॅगझिन काढावेच लागते. पूर्ण लांबीच्या, टोक झाकलेल्या गोळ्या वापरल्यास हा धोका बराच कमी होतो.

.22 स्वस्त आहे आणि सरावासाठी त्याला तोड नाही, पण त्याचे स्फोटक मिश्रण बुडाच्या कडेत भरलेले असल्यामुळे न उडणाऱ्या काडतुसांचे प्रमाण बुडाच्या मध्यभागी प्राइमर (ठिणगी पाडणारी टोपी) असलेल्या काडतुसांपेक्षा जास्त असते. .25 हे खिशातल्या पिस्तुलासाठीच घडवलेले आणि मध्यभागी प्राइमर असलेले काडतूस आहे, परंतु आज ते महाग झाले आहे आणि त्याची नवी पिस्तुले फारच थोडी उरली आहेत.

गोळीच्या परिणामकारकतेविषयी लांबलचक वाद घातले जातात. 1986 च्या मायामीतील चकमकीनंतर एफबीआयने गोळी चाचणीत मांसाऐवजी वापरल्या जाणाऱ्या जिलेटिनमध्ये 12 ते 18 इंच शिरावी असा निकष ठरवला, आणि पावणेतीन इंचांच्या नळीतून सुटलेली .380 ची फुलणारी गोळी पुष्कळदा त्याआधीच थांबते, हे खरे आहे. तरीही नवख्याने या वादात फार गुंतू नये. ज्या गोळ्या आपल्या पिस्तुलातून एकदाही न अडकता सुटतात आणि ज्या आपल्या राज्यात कायदेशीर आहेत, त्याच आपल्यासाठी चांगल्या. सुटलेली प्रत्येक गोळी कुठे जाईल याची जबाबदारी आपलीच असते, आणि अमेरिकेतील घरांच्या जिप्समच्या भिंती यांपैकी कोणतीच गोळी अडवत नाहीत.

हातात घेऊन पाहताना

पिस्तूल कागदावर निवडू नये. बहुतेक मोठ्या रेंजवर भाड्याने पिस्तुले मिळतात. तेथे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली निदान एक पेटी गोळ्या झाडून पाहाव्यात. पहिली परीक्षा स्लाइडची. रिकामे असल्याची खात्री करून आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवून स्लाइड पूर्ण मागे ओढता येते का, ती मागे अडकवून धरता येते का, हे पाहावे. येथे पिस्तुलाच्या आतील रचनेचा संबंध येतो. काही लहान पिस्तुलांत स्लाइड केवळ स्प्रिंगच्या आणि स्वतःच्या वजनाच्या जोरावर बंद राहते, त्यामुळे स्प्रिंग ताठ ठेवावी लागते आणि धक्काही तीव्र जाणवतो. एलसीपी आणि केल-टेकच्या पिस्तुलांत गोळी सुटेपर्यंत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेली असतात, म्हणून स्प्रिंग तुलनेने मऊ चालते. ज्यांना कोणतीच स्लाइड ओढता येत नाही, त्यांच्यासाठी बेरेटाच्या बॉबकॅटसारखी पिस्तुले आहेत, ज्यांत एक कळ दाबताच नळीचे मागचे टोक वर उघडते आणि काडतूस थेट नळीत ठेवता येते. रुगरने 2020 मध्ये एलसीपी-2 चे .22 मधील रूप आणले असून त्याची स्लाइडही अगदी हलकी आहे.

दुसरी परीक्षा ट्रिगरची, आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण निवडीत हीच निर्णायक आहे. मूळ एलसीपीचा ट्रिगर लांब आणि जडसर आहे. अनेकांना तो आवडत नाही, कारण त्याने नेम हलतो. 2016 चे एलसीपी-2 आणि 2021 चे एलसीपी मॅक्स यांचा ट्रिगर आखूड आणि हलका आहे, आणि रेंजवर तो अर्थातच सुखद वाटतो. परंतु खिशातील पिस्तूल दिवसातून अनेकदा बसताना, उठताना, गाडीत शिरताना हलत असते. ज्या पिस्तुलाला वेगळी सेफ्टी (पिस्तूल चुकून सुटू नये म्हणून लावायची कळ) नाही, त्याचा लांब ट्रिगर हेच एक संरक्षण असते. नवख्याने पहिले पिस्तूल घेताना लांब ट्रिगर पत्करावा आणि सरावाने तो सांभाळायला शिकावे. ज्यांना बाहेरून लावण्याची सेफ्टी हवीच आहे, त्यांनी स्मिथ अँड वेसनच्या 2010 च्या बॉडीगार्ड 380 चा विचार करावा. त्यात काडतूस उडाले नाही तर ट्रिगर पुन्हा ओढून त्यावर दुसरा आघात करण्याचीही सोय आहे, जी एलसीपीत नाही.

गोळ्यांची संख्या आणि नेम धरण्याच्या खुणा यांत नवी पिस्तुले पुढे आहेत. मूळ एलसीपीच्या मॅगझिनमध्ये सहा गोळ्या बसतात आणि त्यावरील खुणा इतक्या बारीक आहेत की चाळिशीचा चष्मा लागलेल्या माणसाला मंद प्रकाशात त्या दिसत नाहीत. एलसीपी मॅक्समध्ये दहा गोळ्या आणि ठळक खुणा आहेत. 2024 मध्ये आलेल्या बॉडीगार्ड 2.0 मध्येही तसेच, आणि दोन्हींचे वजन 300 ग्रॅमच्या आतबाहेर आहे. त्यांची किंमत जुन्या एलसीपीपेक्षा शंभर-दीडशे डॉलर अधिक असते. नजर अधू असेल तर हा जादा खर्च सार्थ आहे, फक्त ट्रिगरविषयी वर लिहिलेले ध्यानात ठेवावे आणि होल्स्टरच्या बाबतीत कसलीही कसर ठेवू नये.

पाच गोळ्यांचे लहान रिव्हॉल्व्हर हाही खरा पर्याय आहे. स्मिथ अँड वेसनच्या 642 चे वजन चारशे ग्रॅमच्या थोडे वर आहे आणि घोडा आत झाकलेला असल्याने तो खिशाच्या कापडात अडकत नाही. स्लाइड ओढण्याचा प्रश्नच नाही, आणि ते भरलेले आहे की रिकामे हे चक्र उघडताच दिसते. मात्र ते खिशात जाडजूड वाटते, .38 चा धक्का हाताला बोचतो आणि किंमतही चढी असते. टॉरसचे सहा गोळ्यांचे 856 त्यापेक्षा स्वस्त आणि वजनदार आहे. वजनामुळे ते चालवायला सोपे, पण खिशाला जड.

जुने घेताना

जुन्या लहान पिस्तुलांचा एक फायदा असा की पुष्कळजण ते घेतात, धक्का सोसवत नाही म्हणून फारसे चालवत नाहीत आणि विकून टाकतात. त्यामुळे जवळजवळ नवे पिस्तूल कमी किमतीत मिळू शकते. ते परवानाधारक विक्रेत्यामार्फतच घ्यावे. नळीच्या तोंडाशी ओरखडे, स्लाइडच्या कोपऱ्यांत तडे, घामाने आलेला गंज आणि सैल झालेल्या पिना पाहाव्यात. मॅगझिनचे ओठ वाकलेले नसावेत, कारण गोळ्या अडकण्याचे ते नेहमीचे कारण असते. लहान पिस्तुलाची रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड पुन्हा पुढे ढकलणारी) मोठ्या पिस्तुलाच्या मानाने लवकर थकते. ती थोड्या पैशांत मिळते आणि जुन्या पिस्तुलात आल्याबरोबर बदलावी.

अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासणे सर्वांत महत्त्वाचे. 2008 मध्येच रुगरने एलसीपीची सुरुवातीची पिस्तुले परत मागवली होती, कारण नळीत गोळी असताना पिस्तूल कठीण पृष्ठभागावर पडल्यास ते सुटण्याची शक्यता आढळली. ती पिस्तुले 370 या आकड्यांनी सुरू होणाऱ्या अनुक्रमांकांची आहेत, आणि दुरुस्ती न झालेले एखादे आजही कुणाच्या कपाटातून बाजारात येऊ शकते.

खिसा, होल्स्टर आणि सराव

खिशात पिस्तूल कधीही नुसते ठेवू नये. ट्रिगर पूर्ण झाकणारे, कडक किंवा निदान आकार न सोडणारे होल्स्टर हवे, आणि त्याची बाहेरची बाजू खरखरीत असावी, म्हणजे पिस्तूल बाहेर काढताना होल्स्टर खिशातच राहील. त्या खिशात दुसरे काहीही असू नये : किल्ली, नाणे, पेन, रुमाल, काहीच नाही. पिस्तूल परत ठेवताना आधी होल्स्टर खिशातून बाहेर काढावे, नजरेसमोर पिस्तूल त्यात बसवावे आणि मग दोन्ही एकत्र खिशात घालावे. खिशातल्या होल्स्टरमध्ये चाचपडत पिस्तूल सरकवणे हा अपघाताचा राजमार्ग आहे. कापडाचे बारीक तंतू आणि धूळ यांत्रिक भागांत साचतात, म्हणून गोळ्या झाडल्या नसल्या तरी दर पंधरवड्याला पिस्तूल रिकामे करून पुसावे. उन्हाळ्यात घामामुळे यापेक्षाही लवकर.

नवे पिस्तूल विश्वासार्ह आहे असे मानण्याआधी त्यातून सरावाच्या निदान दोनशे आणि प्रत्यक्ष बाळगायच्या प्रकारच्या पन्नासेक गोळ्या अडथळ्याविना सुटलेल्या असाव्यात. या एकाच दिवशी झाडू नयेत. हात दुखू लागला की पकड सैल होते, सैल पकडीमुळे स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि गोळी अडकते, आणि दोष मात्र पिस्तुलाला दिला जातो. दर वेळी चाळीस-पन्नास गोळ्या, तीन ते सात यार्डांवरून, सावकाश आणि लक्षपूर्वक, एवढे पुरे. चार नियम कधीही मोडू नयेत : प्रत्येक पिस्तूल भरलेले आहे असेच समजावे, ज्याला इजा करायची नाही त्याच्याकडे नळी वळवू नये, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर ठेवावे, आणि लक्ष्य व त्याच्या मागे काय आहे याची खात्री करून घ्यावी.

घरातले पिस्तूल

लहान पिस्तुलाचा आणखी एक धोका असा की ते जिथे तिथे राहून जाते. कोटाच्या खिशात, पर्समध्ये, गाडीच्या कप्प्यात, उशाशी. घरी आल्यावर ते अंगावर तरी असावे किंवा कुलूपबंद पेटीत तरी. तिसरी जागा नसावी. आपल्या घरी पाहुण्यांची वर्दळ असते, मुले एकमेकांच्या खोल्यांत खेळतात आणि दारामागच्या खुंटीवर कोट टांगलेले असतात, त्यामुळे आपल्याला मुले नसली तरी हा नियम शिथिल करता येत नाही. आकड्यांची पेटी 30 ते 50 डॉलरला मिळते, आणि पुष्कळ राज्यांत मुलाच्या हाती शस्त्र लागल्यास मालकावर खटला भरला जातो.

घरातील कोणी नैराश्यातून जात असेल, मग तो कॉलेजातला मुलगा असो, नोकरी गेलेला जोडीदार असो किंवा आपण स्वतः असू, तर पिस्तूल घरात आणू नये, आणि आधीच असेल तर ते विक्रेत्याकडे किंवा राज्याच्या कायद्यात बसेल अशा विश्वासू व्यक्तीकडे ठेवायला द्यावे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. 988 या क्रमांकावर फोन किंवा संदेश करून कोणत्याही वेळी मदत मिळते.

भारतात जाताना

ज्या बॅगेतून आपण रेंजवर जातो, ती भारताच्या प्रवासाला कधीही वापरू नये. तळाशी किंवा आतल्या कप्प्यात राहिलेले एखादे काडतूस भारतीय विमानतळावरील तपासणीत सापडले, तर शस्त्र अधिनियम 1959 खाली गुन्हा नोंदवला जातो. ते नजरचुकीने राहिले हे पटवून देता येते, पण तोवर प्रवास, पासपोर्ट आणि सुट्टी यांचा बोजवारा उडालेला असतो. पिस्तूल सोबत नेण्याचा विचार तर करूच नये, कारण त्यासाठी अमेरिकेच्या निर्यातीचे आणि भारताच्या परवान्याचे, असे दोन्हीकडचे नियम लागू होतात. कायमचे परतायचे ठरले असेल, तर ग्रीन कार्ड सोडण्याआधी आणि सामान बांधायला सुरुवात करण्यापूर्वी पिस्तूल, मॅगझिन आणि उरलेली काडतुसे परवानाधारक विक्रेत्याला विकावीत आणि त्याच्याकडून अनुक्रमांकासह पावती घ्यावी. ही पावती कायम जपून ठेवावी, म्हणजे पुढे ते पिस्तूल कोणत्याही प्रकरणात आढळले, तर ते आपल्या ताब्यातून कधी गेले हे दाखवता येते.